आजीची तुळस, नातवाचा कोई मासा

पालघरहून डहाणूकडे निघालं की पुढचं स्टेशन उमरोळी, त्यापुढचं बोईसर. या पट्ट्यात एकाच घरात दोन तऱ्हेचं गोंदण आता सहज दिसतं. आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके, मनगटाच्या आतल्या बाजूला तुळस. नातू तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि त्याच्या दंडावर लाटा कापत वर निघालेला केशरी कोई मासा. एकीचं गोंदण अंगणात बसून झालेलं, दुसऱ्याचं वातानुकूलित खोलीत, मोबाइलवर चित्र दाखवून. आजीला माशाचं हसू येतं, नातवाला ठिपके जुनाट वाटतात. कातडीच्या लेखी मात्र दोन्ही एकच. चित्र किती वर्षं वाचता येईल, हे कोणती फॅशन चालू आहे यावर ठरत नाही; ते कातडी ठरवते. म्हणून आधी तिचं ऐकून घ्यावं.

सुई कातडीत शिरते ती साधारण दीड-दोन मिलिमीटर. सगळ्यात वरचा पापुद्रा, म्हणजे बाह्यत्वचा, महिना-दीड महिन्यात नवा होतो. शाई तिथेच राहिली तर त्या पापुद्र्याबरोबर झडून जाईल. म्हणून ती त्याखालच्या आंतरत्वचेत पोचावी लागते. त्याहून खोल गेली तर चरबीच्या थरात पसरते आणि रेषेभोवती निळसर डाग उमटतो, तो कायमचा. गोंदणाऱ्याचं सगळं कसब या मिलिमीटरभरात असतं, आणि मनगट, पाठ, पोटरी, बरगडी अशा प्रत्येक जागेची जाडी वेगळी असते.

शाई आत गेली की शरीर तिला परकी वस्तू समजतं. भक्षक पेशी धावतात आणि कण गिळतात. जंतू असता तर पचला असता. काजळीचा कण पचत नाही. ती पेशी कण पोटात घेऊन तिथेच बसून राहते. मार्सेयमधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारची नवी पेशी ते पुन्हा गिळते. म्हणजे गोंदण ही एक न संपणारी पाळी आहे. एक पेशी सुटते, दुसरी कामावर येते. काही कण मात्र निसटतात आणि लसिकाग्रंथींपर्यंत पोचतात. या देवाणघेवाणीतच वर्षानुवर्षं रेषा जाड होत जाते आणि कड मऊ पडते. कितीही महागडी शाई असो, हे चुकत नाही.

मग काळी काजळी हिरवी का दिसते? काळा कण आंतरत्वचेत असतो आणि आपण त्याच्याकडे वरच्या थरातून पाहतो, रंगीत काचेतून पाहावं तसं. तांबडा प्रकाश खोलवर जाऊन काजळीत शोषला जातो. निळा प्रकाश वरच्या वर विखरून परत डोळ्यांत येतो. त्यात आपल्या कातडीचा पिवळसर तपकिरी रंग मिसळला की निळ्याचा हिरवा होतो. आजीच्या गोंदणात हिरवा रंग कोणी घातलेला नाही.

इथल्या वारली, कोकणा, मल्हार कोळी घरांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर असं गोंदण अजून पाहायला मिळतं. पद्धत साधी. दिव्याची काजळी तेलात किंवा पाल्याच्या रसात खलायची, दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि टोचत जायचं. वर हळद-तेल. गोंदणारणी बहुतेक भटक्या जमातींतल्या. गावोगाव फिरायच्या आणि मोबदला धान्यात घ्यायच्या. टोचताना पोरीचं लक्ष उडावं म्हणून तोंडाने गाणं चालू. ‘मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही आदिवासी किंवा शेतकरी आजीच्या तोंडी ऐकू येईल. गरिबाघरी ही समजूत टिकली यात नवल नाही.

या गोंदणाच्या आकारांकडे जरा जवळून पाहावं. ठिपका, फुली, विंचू, तुळस, मोर. विंचवाची नांगी म्हणजे एक वळलेली रेघ आणि शेवटी जाड ठिपका. तुळस म्हणजे एक उभी रेघ, तिला दोन्हीकडे तिरक्या काड्या आणि खाली चौकोन. दोन काड्यांमध्ये चांगली मोकळी जागा. पन्नास वर्षांत रेघ दुपटीने जाडावली तरी तुळस तुळसच दिसते. हे गोंदणारणींना कुणी शाळेत शिकवलं नसेल. पण त्यांनी आपल्या आधीच्या दोन पिढ्यांचे हात पाहिले होते आणि काय पुसट होतं, काय टिकतं हे त्यांना ठाऊक होतं. आज मनगटावर सुपारीएवढ्या जागेत सिंह, घड्याळ, गुलाब आणि रोमन आकडे मागणाऱ्याला हे माहीत नसतं.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र नाही. एकाच सुईने वस्तीतल्या सगळ्या पोरी गोंदल्या जायच्या. पुढे जत्रेत बॅटरीवर चालणारी मशीन आली, नावं आणि बदाम काढू लागली, पण सुई तीच आणि शाईची वाटीही तीच. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही यांना याहून सोपी वाट नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर सुकलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. जत्रेत पाळण्यात बसावं, भजी खावीत; गोंदून घेऊ नये.

आता कोई माशाकडे. ‘जपानी स्टाइल’ म्हणून आपल्याकडे जे मागितलं जातं, त्याचा आजचा चेहरा एदो काळातला, म्हणजे साधारण आपल्या शिवकाळाच्या थोडं आधीपासून इंग्रजी अमलापर्यंतचा. १७२० पासून तिथल्या राजवटीने गुन्हेगारांना शिक्षा म्हणून दंडावर किंवा कपाळावर गोंदायला सुरुवात केली. १८७० साली ती बंद झाली. आपल्याकडेही इंग्रजांनी बंगालमध्ये कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची शिक्षा ठेवली होती आणि १८४९ साली ती काढली. राजवटीला गोंदणाची हीच एक गोष्ट फार आवडत असावी, की ते पुसता येत नाही.

जपानमध्ये शिक्षेच्या या खुणा अंगावर असतानाच शहरातल्या कष्टकऱ्यांत शौकाचं गोंदण वाढलं, आणि त्याला मोठं वळण दिलं एका चित्रमालिकेने. उतागावा कुनियोशी या चित्रकाराने १८२७ पासून ‘सुइकोदेन’च्या वीरांची ठशांची चित्रं काढली. मूळ कथा चिनी, १०८ बंडखोरांची. कथेत मोजक्याच वीरांच्या अंगावर गोंदण आहे. कुनियोशीने ते अधिक जणांच्या अंगावर चढवलं, तेही पाठभर ड्रॅगन, सिंह आणि फुलांचं. चित्रं हातोहात खपली आणि लोक तीच पाठीवर मागू लागले. आग विझवणाऱ्या पथकांतली माणसं ड्रॅगन गोंदून घेत, कारण ड्रॅगन पाण्याचा धनी. हमाल, सुतार, पालखीवाले, निरोप घेऊन धावणारे गडी, अंगावर लंगोटीच असलेली सगळी कामकरी मंडळी गोंदणाचा कपडा ल्यायला लागली. याकुझा टोळ्यांचं नाव या कलेला चिकटलं ते बरंच नंतर.

१८७२ साली मेइजी सरकारने गोंदणावर बंदी घातली. पाश्चात्त्यांपुढे आपण रानटी दिसू नये ही धास्ती. गंमत अशी की परदेशी पाहुण्यांना गोंदून द्यायला आडकाठी नव्हती. पुढे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने १८८१ साली जपानमध्ये हातावर ड्रॅगन गोंदवून घेतला, आणि रशियाच्या दुसऱ्या निकोलसने १८९१ साली नागासाकीत तेच केलं. बंदी उठली १९४८ साली. तरीही गोंदलेल्या माणसाला तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आजही अनेक ठिकाणी प्रवेश नसतो. २०१९ च्या रग्बी विश्वचषकात परदेशी खेळाडूंनाही सार्वजनिक जिम आणि पोहण्याच्या तलावांत गोंदण झाकायला सांगितलं होतं. गोंदणं हा वैद्यकीय धंदा नाही, त्यासाठी डॉक्टरचा परवाना लागत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं, तेही ओसाकाच्या एका गोंदणकाराने खटला शेवटपर्यंत लढवला म्हणून.

या शैलीचा खरा कस रचनेत आहे. पाठ, दंड, छाती, मांड्या हा सगळा एकच फलक धरला जातो. मधोमध मुख्य विषय, म्हणजे ड्रॅगन, कोई, वीर किंवा देव. त्याच्याभोवती लाटा, वारा आणि ढग गडद काळ्या-राखाडी पट्ट्यांत, शरीराच्या वळणाने वाहणारे. हंगाम पाळतात: कोईबरोबर मॅपलची पानं शोभतात, सिंहाबरोबर पिओनीचं फूल. आधी बाह्यरेषा पूर्ण, मग काळ्याची छटा, रंग सर्वांत शेवटी. छटा देण्याची खास पद्धत म्हणजे तेबोरी. बांबूच्या किंवा धातूच्या दांडीच्या टोकाला ओळीत बांधलेल्या सुया, डाव्या हाताने ताणलेली कातडी आणि अंगठ्याच्या आधाराने तिरपा, हलका, लयीतला ढोस. प्रत्येक ढोसाबरोबर सुया बाहेर येताना बारीक आवाज होतो. काळ्यापासून पाण्यासारख्या राखाडीपर्यंत उतरत जाणारी ती छटा मशीनने तशी साधत नाही, असं जाणकार म्हणतात. मात्र बाह्यरेषा आज जपानमधले मोठे गोंदणकारही बहुधा मशीननेच काढतात. योकोहामाचे प्रसिद्ध होरियोशी तिसरे त्यांतलेच. ‘संपूर्ण हातकाम’ अशी पाटी दिसली की हे लक्षात असू द्यावं.

मराठी माणसाला या चित्रांत ओळखीचे चेहरे भेटतात. ड्रॅगनबरोबर बिवा हे तंतुवाद्य घेऊन बसलेली बेंझाइतेन ही आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेली. ज्वाळांमध्ये तलवार आणि पाश घेऊन बसलेला उग्र फुदो म्योओ म्हणजे संस्कृत ग्रंथांतला अचलनाथ. त्याच्याबरोबर कधी कधी जे अक्षर गोंदलेलं असतं ते सिद्धम् लिपीतलं बीजाक्षर, देवनागरीच्या नात्यातलं. नातवाला ड्रॅगनच हवा असेल तर हवा. पण पोटरीवर फुदो म्योओ काढण्याआधी तो देव आहे एवढं माहीत असावं. आपण गणपती पावलावर काढतो का?

कोईचंही तसंच. धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो अशी चिनी दंतकथा आहे, म्हणून तो चिकाटीचं चिन्ह. आपल्याकडच्या स्टुडिओत बऱ्याचदा फक्त मासा मागितला जातो, लाटा नकोत, कारण भाव चौरस इंचावर आणि लाटांनी इंच वाढतात. मग मासा हवेत लटकतो. जपानी चित्रात पार्श्वभूमी ही भर नसते. काळ्या लाटांमुळेच केशरी रंग उठून दिसतो, आणि वीस वर्षांनी रंग फिका पडला तरी काळा टिकून आकार सांभाळतो. गोंदणारणीची तुळस आणि एदोचा ड्रॅगन इथे एकाच हिशेबाने चालतात: काळा भरपूर, आकार ठळक, मध्ये मोकळी कातडी. पैसे कमी असतील तर लहान कोई करण्यापेक्षा थांबावं; पाठभर काम जपानमध्येही वर्षानुवर्षं, हप्त्याहप्त्याने होतं.

आपल्याच जिल्ह्याचं चित्र अंगावर घेण्याची हौसही वाढते आहे. वारली चित्रातली त्रिकोणी माणसं आणि तारप्याचा फेर. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे भिंतीवरची ही कला कागदावर आणि जगभर गेली. पण भिंत आणि कातडी यांत फरक आहे. भिंतीवर गेरू-शेणाच्या पोतावर तांदळाच्या पिठाचा पांढरा उठतो. पांढरी शाई गव्हाळ किंवा सावळ्या कातडीत गेली की वरच्या थरातला रंग तिच्यावर चढतो. काही महिन्यांत ती पिवळट, डागासारखी दिसते. तेव्हा वारली चित्र काळ्यातच करावं. त्रिकोण भरीव ठेवावेत, काडीसारखे हात-पाय थोडे जाड, आणि माणूस निदान बोटाच्या दोन पेरांएवढा. फेरात चाळीस जण कोंबण्यापेक्षा बारा पुरतात. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी ही मात्र विधीची गोष्ट आहे. ती सुवासिनी लग्नघरात लिहितात. ती दंडावर मिरवावी की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर नाही.

अक्षरांची बाब आणखी नाजूक. राजमुद्रा, आईचं नाव, संस्कृत ओळ हे सगळं लोकप्रिय. देवनागरीत जोडाक्षरांच्या पोटात इवल्या जागा असतात. द्ध, ष्ठ, क्ष बारीक काढले की पाच-सात वर्षांत भरून जातात आणि गोळा उरतो. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ. स्टेन्सिल कातडीवर उमटवल्यावर आरशात नव्हे, फोटो काढून वाचावं, आणि मराठी नीट येणाऱ्या दुसऱ्या माणसालाही वाचायला द्यावं. गोंदणारा कारागीर परप्रांतीय असेल तर त्याला अक्षर हे चित्रच असतं.

शाईकडे वळू. तारापूर एमआयडीसीत रंग आणि रंगांना लागणारी मधली रसायनं बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळे इथल्या कामगाराला हे पटकन कळेल. गोंदणाच्या रंगीत शाईतली बरीचशी रंगद्रव्यं मूळ प्लास्टिक, छपाई आणि गाड्यांच्या पेंटसाठी घडवलेल्या कुळांतली आहेत. काळ्यात कार्बन, पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड, लाल-पिवळ्या-केशरीत बहुधा अॅझो रंग, निळ्या-हिरव्यात थॅलोसायनीन. जुन्या काळी लालसाठी पाऱ्याचा हिंगूळ वापरत. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने कातडीत टोचण्यासाठी आजवर एकाही रंगद्रव्याला मंजुरी दिलेली नाही. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतल्या चार हजारांच्या आसपास रसायनांवर निर्बंध आणले. निळा १५:३ आणि हिरवा ७ ही दोन नेहमीची रंगद्रव्यं २०२३ पासून त्यात आली. आपल्याकडे गोंदणाच्या शाईसाठी असा वेगळा कायदा नाही. म्हणून बाटलीवर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि घटक हे सगळं छापलेलं असेल तरच ती उघडू द्यावी. अॅलर्जी सर्वांत जास्त लाल रंगाची होते, कधी कधी महिन्यांनी किंवा वर्षांनी. लाल भागच तेवढा फुगतो, खाजतो. कोईवर लाल ठिपके हवे असतील तर आधी न दिसणाऱ्या जागी एक ठिपका करून महिनाभर वाट पाहणं शहाणपणाचं, अर्थात त्यानेही पूर्ण खात्री मिळत नाही.

स्टुडिओ निवडताना भिंतीवरचे फोटो शेवटी पाहावेत, आधी कचऱ्याचा डबा. वापरलेल्या सुयांसाठी टणक, झाकणाचा डबा आहे का? सुईचं कार्ट्रिज आपल्यासमोर पाकीट फोडून काढतात का, त्यावर मुदत आहे का? शाई बाटलीतून थेट नव्हे तर एकदा वापरून फेकायच्या छोट्या टोपणात ओततात का? फोन उचलला की हातमोजे बदलतात का? पुन्हा वापरायची धातूची पकड असेल तर ऑटोक्लेव्ह लागतो, वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस. नुसतं डेटॉलच्या पाण्यात बुडवणं किंवा निळा दिवा लावलेली पेटी चालत नाही. आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न: राखाडी छटेसाठी काळी शाई कशात पातळ करतात? अमेरिकेत रॉचेस्टर इथे २०११-१२ मध्ये एकाच गोंदणकाराच्या १९ गिऱ्हाइकांना क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातल्या एका जंतूचा त्वचासंसर्ग झाला. दुकान स्वच्छ होतं. दोष कारखान्यातच पातळ करून आलेल्या राखाडी शाईत निघाला. तिच्यात डिस्टिल्ड पाणी वापरलं होतं. डिस्टिल्ड म्हणजे क्षार नसलेलं, निर्जंतुक नव्हे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते हेच. जपानी शैलीत तर निम्मं काम राखाडीचं. तेव्हा इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी किंवा सलाइन, सीलबंद, एवढं विचारायचंच. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर तिचे तीन डोस सहा महिन्यांत होतात. आधी ते उरकावेत. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा जखमेवर कातडी गाठीसारखी वाढण्याची घराण्यात सवय असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला भेटावं. आपल्या कातडीत अशा गाठी गोऱ्या लोकांपेक्षा जास्त होतात. छाती आणि खांदा या जागा त्यासाठी बदनाम आहेत.

गोंदून घरी आल्यावर काय करायचं हे परदेशी पत्रकांवरून शिकून चालत नाही, कारण ती थंड, कोरड्या हवेसाठी लिहिलेली असतात. आपली हवा दमट, घाम बारमाही. तिथे ‘जाड थर लावा’ म्हटलेलं मलम इथे घामाखाली साचतं, रंध्रं बुजतात, पुटकुळ्या येतात. ताजं गोंदण ही हजारो टोचण्यांची उघडी जखम आहे. स्टुडिओने वैद्यकीय पातळ फिल्म लावली असेल तर सांगितलेले दिवस ठेवावी, पण तिच्या कडेने पाणी आत शिरलं किंवा आत रक्त-पाणी साचून फुगा झाला तर लगेच काढावी. साधं स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळलं असेल तर काही तासांतच. मग हात धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाने, वाहत्या पाण्याखाली, बोटांच्या पोटाने धुवायचं, दिवसातून दोन-तीनदा. टॉवेलने घासायचं नाही, स्वच्छ कागदाने टिपायचं. पूर्ण सुकल्यावर बिनवासाचं मलम मोहरीएवढं. चकाकी दिसली म्हणजे जास्त झालं. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी वापरणाऱ्या घरात पहिले चार-पाच दिवस उकळून गार केलेलं पाणी ठेवावं.

हळद, खोबरेल, टाल्कम पावडर, कोरफडीचं पान हे सगळं प्रेमाने पुढे येईल. नम्रपणे बाजूला ठेवावं. डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि उघड्या जखमेत तिचे कण अडकतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून खाज, मग पापुद्रे. हा सगळ्यात कठीण आठवडा. खपली नखाने काढली की तिच्याबरोबर शाई निघते आणि तिथे पांढरा खड्डा राहतो. खाजलं तर वरून हलकेच थोपटावं. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, आतली भरून यायला महिना-दीड महिना आणखी लागतो. तोवर केळवे, शिरगाव, चिंचणीचा समुद्र बंद, नदी-तळं बंद, पोहण्याचा तलाव बंद. समुद्राचं खारं पाणी जखम स्वच्छ करतं हा समज धोक्याचा आहे: उबदार खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ नावाचा जंतू ताज्या गोंदणातून शिरल्याने मृत्यू ओढवल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे, तो माणूस गोंदल्यानंतर पाचच दिवसांनी समुद्रात उतरला होता आणि त्याचं यकृत आधीच खराब होतं. सातपाटीच्या बंदरावर जाळी ओढणाऱ्याने किंवा मासळी साफ करणारीने हातावर गोंदायचं असेल तर पावसाळ्यातली मासेमारी बंदी हा सोयीचा काळ वाटेल, पण घरात ओल असते, कपडे वाळत नाहीत. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस आणि कातडी मिटेपर्यंत हात कोरडा ठेवण्याची सोय हेच बरं. एमआयडीसीत रंगाची भुकटी, आम्ल किंवा सॉल्व्हंटच्या खात्यात काम असेल तर रजा घेऊनच गोंदावं. बाही खाली ओढून भागत नाही, कारण भुकटी बाहीतही शिरते. डहाणू लोकलच्या गर्दीत खांदा घासला जातो, तोही हिशेब करावा.

कड लालसर असणं, थोडी सूज, दोन दिवस पाझर हे नेहमीचं. तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरत चालली, पू आला, ताप आला, किंवा तांबडी रेघ वर सरकताना दिसली तर स्टुडिओला फोटो पाठवत बसू नये, थेट डॉक्टरकडे जावं. आठवड्यांनी उगवणारे बारीक लाल फोड साध्या अँटिबायोटिकने जात नसतील तर गोंदल्याचं आवर्जून सांगावं, कारण रॉचेस्टरसारखे जंतू नेहमीच्या तपासणीत सापडत नाहीत. पूर्ण भरल्यावर एकच पथ्य उरतं, ऊन. बाइकवरून रोज जाणाऱ्याच्या हातावरचा रंग सगळ्यात आधी उडतो. किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन किंवा बाही.

रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की गोंदल्यावर वर्षभर रक्तपेढी रक्त घेत नाही. काढून टाकायची वेळ आलीच तर लेसर. काळा कार्बन त्याला सगळ्यात लवकर दाद देतो, हिरवा-निळा फार त्रास देतो, आणि सावळ्या कातडीवर चुकीच्या तरंगलांबीने पांढरे डाग पडतात. १०६४ नॅनोमीटरचं यंत्र आणि त्वचारोगतज्ज्ञ, ब्यूटी पार्लर नव्हे. बैठका अनेक, मध्ये आठवड्यांचं अंतर.

भरतीची तयारी करणारी पोरं या पट्ट्यात पुष्कळ. पहाटे धावणारे, मैदानावर गोळा फेकणारे. त्यांनी गोंदण्याआधी नियम वाचावेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत गोंदण चालतं ते सलामी न देणाऱ्या, म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागे, आणि त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान. विषय नाव किंवा धार्मिक चिन्ह. लष्करात कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढीच मुभा. दंडावरचा कोई दोन्हीकडे अडचणीचा. लष्कराच्या नियमांत मात्र एक अपवाद आहे: उमेदवार आदिवासी असेल आणि गोंदण त्याच्या जमातीच्या चालीरीतीप्रमाणे असेल, तर ते शरीरावर कुठेही असलं तरी प्रकरण पाहून मान्य होऊ शकतं. म्हणजे नातवाने आजीची तुळस दंडावर घेतली असती तर निदान अर्ज तरी करता आला असता.